दोराचे पैसे कोण भरतं?

पुण्याच्या एका ताईंचं पत्र आहे. गेल्या जुलैत त्यांचे यजमान (वय ५२) तीन मित्रांबरोबर मावळातून एका घाटवाटेने कोकणात उतरत होते. धुक्यात वाट चुकली, भलत्याच नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद, खडकाळ घळीत शिरले आणि शेवाळावरून घसरून यजमानांचा घोटा मोडला. हे झालं दुपारी अडीचला. मदतीसाठी फोन गेला पाचला, कारण तोवर ‘कुणाला बोलावलं तर बिल किती येईल’ यावर चौघांचा खल चालला होता. शेवटी एका स्वयंसेवी रेस्क्यू टीमची अकरा मुलं आणि पायथ्याच्या वाडीतले चौघे रात्री दहाला त्यांच्यापर्यंत पोचले आणि पहाटे साडेपाचला त्यांना स्ट्रेचरवरून डांबरी रस्त्याला आणलं. ताईंनी वीस हजारांचं पाकीट पुढे केलं. मुलांनी हात जोडले, टपरीवर चहा-पोहे तेवढे घेतले. त्यातले काही जण तसेच ड्यूटीवर गेले.

आता येत्या ऑक्टोबरात हेच चौघे एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेत. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, एका खासगी रेस्क्यू कंपनीची मेंबरशिप मी भरतो. यजमान ऐकत नाहीत. ‘डोंगरात माणूस माणसासाठी येतोच, मी अनुभवलंय. संकटाचा धंदा करणाऱ्यांना मी पैसा देणार नाही.’ दीर नेमकं उलट बोलतात. ‘हौसेने दरीत पडणाऱ्यांकडून पै न् पै वसूल केली पाहिजे.’ ताई विचारतात, पैसे मोजून रेस्क्यू घेणं हा त्या मुलांच्या उपकारांचा अपमान ठरेल का? आणि त्यांचं देणं फेडायचं कसं? जाता जाता त्यांनी लिहिलंय की त्या रात्री यजमानांच्या अंगावर कुणीतरी घातलेली घोंगडी घरीच राहून गेली आहे. वाळवून कपाटात ठेवली आहे. टीमला फोन केला तर ते म्हणाले, आमची नाही.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी अडीच आणि पाच या दोन आकड्यांपाशी थांबले. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ त्या अडीच तासांत आहे. जुलैत सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो, नाळेत धुकं असेल तर त्याच्या कितीतरी आधी अंधारून येतं. फोन लगेच गेला असता तर मुलांनी निदान नाळेपर्यंतची वाट उजेडात कापली असती. तो गेला पाचला, म्हणून पंधरा माणसं ओल्या कातळावर अंधारात चाचपडत उतरली. आणि हे एका अशा बिलापायी, जे कधी येणारच नव्हतं.

यात मी तुमच्या यजमानांना दोष देत नाही. अशा बिलाच्या नुसत्या विचाराने पगारदार माणसाच्या पोटात गोळा येतो. मग ‘बघू अजून थोडं, जमेल चालायला’ असं वाटतंच. म्हणूनच पैसे कोण भरणार हा प्रश्न निघायच्या आधी, घरी, जेवायला बसल्यावर सोडवून टाकायचा असतो. तो नाळेत बसून सुटत नाही. फुकट की विकत हा वाद त्याच्या नंतरचा.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे वळू. पंचवीसेक वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मी स्ट्रेचरच्या मागे इतरांच्या सॅका वाहत चालले आहे. सहा जण स्ट्रेचर धरतात. जरा सपाटी असली की पन्नास-साठ पावलांवर माणसं बदलतात. उतारावर तेही जमत नाही. तिथे सगळे कातळावर फतकल मारून बसतात, मांडीवरून मांडीवर स्ट्रेचर पुढे सरकवतात, आणि मागचे उठून पुढे जाऊन बसतात. वर झाडाला बांधलेला दोर एक जण हात हात सोडत असतो. त्याला खालचं काही दिसत नाही, त्याचे कान फक्त आवाजाकडे लागलेले असतात. ‘सोड... सोड... थांब!’ जखमी माणसाच्या डोक्याशी एक जण नुसता बोलत राहायला असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यातल्या एकाच्या घरी सॅक परत करायला गेले, तर गॅलरीभर दोर पसरलेला. चिखल धुऊन झाला होता. तो मुलगा दोर चिमटीतून हळूहळू ओढत, आतला गाभा कुठे मऊ लागतो का ते बघत होता. एका जागी त्याची बोटं थांबली. पुन्हा मागे घेतला, पुन्हा दाबून पाहिला. मग म्हणाला, आता हा माणसासाठी नाही वापरायचा, सामान बांधायला होईल. नवा दोर त्यांनी आपापसात वर्गणी काढून आणला. तुमच्या यजमानांच्या कमरेला जो दोर होता तोही असाच कुणीतरी आधी पैसे भरून आणलेला होता, ताई.

आपल्याकडे मोफत शोध-बचाव म्हणजे नक्की कोण, हेही नीट माहीत असावं. एनडीआरएफ हे केंद्राचं आपत्ती प्रतिसाद दल २००६ मध्ये उभं राहिलं. तळेगावजवळ सुदुंबऱ्याला त्यांची बटालियन आहे, साधनं आणि प्रशिक्षण उत्तम आहे. पण ते दल मोठ्या आपत्तीसाठी आहे. घोटा मोडलेल्या एकट्या माणसासाठी रात्री नाळेत उतरतात ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांची मुलं. कुणी रिक्षा चालवतं, कुणाचं मोबाइलचं दुकान आहे, कुणी कंपनीत शिफ्टला जातं. मोठ्या आपत्तीतही आधी धावतात ती बऱ्याचदा हीच. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, एकच जण वाचला. तेव्हा दरीत उतरून मृतदेह वर काढण्यात आसपासचे ट्रेकर्स पुढे होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा पावसात त्या पायवाटेने वर चढणाऱ्यांतही ट्रेकर्स होते. त्यांना पगार नाही, भत्ता नाही. एखादा स्वतः जायबंदी झाला तर त्याच्या घराचं काय, याचं पक्कं उत्तर सरकारकडून त्यांना मिळायला हवं, आणि ते मागायला आपण त्यांच्याबरोबर उभं राहायला हवं असं मला फार वाटतं.

म्हणजे तुमचे यजमान सांगतात ते खरंच आहे. डोंगरात माणूस माणसासाठी येतो. पण त्यावरून पुढचा निष्कर्ष काढताना त्यांची गफलत होते. सह्याद्रीत जे आलं ते माणसांच्या पाठीवरून आलं, कारण इथे माणसं पाठीवरून पोचू शकतात. एव्हरेस्टच्या खुंबू भागातही माणुसकी काही कमी नाही. आजारी ट्रेकरला पाठीवर घेऊन रात्री खाली उतरवणारे पोर्टर तिथे आहेत, आणि हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही १९७३ पासूनची संस्था वाटेवरच्या फेरिचेला ट्रेकिंगच्या हंगामात दवाखाना चालवते. पण बेस कॅम्पच्या अलीकडचा शेवटचा मुक्काम, गोरक शेप, ५,१६४ मीटरवर आहे. तिथे विरळ हवेने कुणाच्या मेंदूला सूज आली किंवा फुप्फुसात पाणी झालं तर तासांचा हिशेब असतो, आणि लुकलाचा विमानतळ दोन दिवसांच्या चालीवर. तिथून माणूस उचलणारी हेलिकॉप्टर्स बहुतेक खासगी कंपन्यांची आहेत. पैसे कोण देणार याची हमी मिळाल्याशिवाय ती सहसा उडत नाहीत. हमी म्हणजे विमा कंपनीचं पत्र, ट्रेकिंग एजन्सीची जबाबदारी, नाहीतर तुमचं क्रेडिट कार्ड. बिल काही हजार डॉलर्सच्या घरात जातं. विरळ हवेत, दोन डोंगरांच्या मधल्या फटीत हेलिकॉप्टर उतरवणाऱ्या पायलटने त्याचे पैसे घेतले तर त्याला मी संकटाचा धंदा म्हणणार नाही.

भारताच्या हिमालयात चित्र पुन्हा वेगळं आहे. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल ट्रेकवर बहुतांश कर्नाटकातल्या ट्रेकर्सचा २२ जणांचा गट बर्फाच्या वादळात सापडला. नऊ जण गेले. बाकीच्यांना हवाई दल आणि राज्याच्या आपत्ती दलाने, एसडीआरएफने बाहेर काढलं, म्हणजे सगळी सरकारी यंत्रणा. त्यामुळे ‘मागच्या वेळी असं झालं होतं’ हा अनुभव एका डोंगररांगेतून दुसरीत जसाच्या तसा नेता येत नाही.

पण ताई, मुलाचंही सगळं बरोबर आहे असं समजू नका. पैसे भरले म्हणजे सुटका ठरलेलीच, हाही गैरसमज. कंपनी अमेरिकेतली असली तरी उचलायला येणारं हेलिकॉप्टर नेपाळमधलंच असतं. ढग खाली आले की मेंबर असो वा नसो, तेही काठमांडूत किंवा लुकलाला थांबून राहतं. रात्री ते येत नाही. शिवाय पैशाच्या मागे लबाडीही येते. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत विम्याच्या पैशांसाठी चाललेला हेलिकॉप्टरचा घोटाळा बाहेर आला होता. साधं डोकं दुखणाऱ्याला घाबरवून हेलिकॉप्टरमध्ये बसवायचं, एकाच फेरीत तिघा-चौघांना आणून प्रत्येकाच्या विम्यावर वेगळं बिल लावायचं, पुढे हॉस्पिटलचा आकडा फुगवायचा. जेवणात खायचा सोडा मिसळून ट्रेकर्सना आजारी पाडल्याचे आरोपही तेव्हा झाले. म्हणून ‘स्वस्तातलं पॅकेज’ विकणाऱ्या एजन्सीकडे जरा डोळे उघडे ठेवून बघा. जिथे ट्रेकच्या पैशात काही सुटत नाही, तिथे ते दुसरीकडून सोडवले जातात.

मग घ्यायचं काय? विमा आणि मेंबरशिप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बरेच जण त्यांची गल्लत करतात. विमा खर्च भरतो, मेंबरशिपवाली कंपनी माणसं हलवायची व्यवस्था करते. चौघांना मेंबरशिप परवडत असेल तर अडचण नाही. नसेल तर नीट वाचून घेतलेला विमा आणि भरवशाची एजन्सी एवढ्यावर निभावतं. पण वाचायचं म्हणजे एजंटने सांगितलं म्हणून नव्हे, पॉलिसीचं पुस्तक काढून. नेहमीच्या परदेश प्रवासाच्या विम्यात ट्रेकिंग ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेलं असू शकतं. उंचीची मर्यादा लिहिलेली असते. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि जवळचा काला पत्थरचा माथा त्याहून वर, म्हणजे पाच हजारांपर्यंतची पॉलिसी नेमक्या गरजेच्या जागी संपते. हेलिकॉप्टरने हलवणं त्यात आहे का, कंपनी तिथे थेट हमी देते की आधी खिशातून भरून नंतर मागायचे, हेलिकॉप्टर बोलावण्याआधी कुठल्या नंबरवर मंजुरी घ्यावी लागते, हे बघा. आणि बीपी-शुगर असेल तर ती फॉर्मवर लिहा. लपवली तर क्लेम त्याच कारणाने नाकारला जाऊ शकतो.

तो मंजुरीचा नंबर फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका. कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत, सॅकच्या वरच्या कप्प्यात. एक प्रत तुमच्याकडे, एक त्यांच्या गाइडकडे.

आणखी एक. मुलगा कौतुकाने सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र अमेरिकेतून पाठवेल. भारतात सॅटेलाइट फोन आणि असली यंत्रं परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि विमानतळांवर त्यापायी लोक अडकले आहेत. दिल्लीमार्गे काठमांडूला जाताना ती सामानात असता कामा नये.

या सगळ्यापेक्षा मोठा विमा म्हणजे दिवस. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम तिथेच. वाटेवरच्या नामचे आणि दिंगबोचेला प्रत्येकी एक जादा दिवस नसेल तर तो बेत बदलून घ्या. डोकं ठणकतंय, चालताना झोक जातोय, आडवं झाल्यावर दम लागतोय, असं झालं की खाली उतरणं हाच पहिला इलाज. हेलिकॉप्टरची वाट बघत वरच बसून राहायचं नाही. आपल्या मंडळींचा अडीच तास खल करायचा स्वभाव बघता चौघांनी पुण्यातच ठरवून टाकावं की एकाने ‘उतरूया’ म्हटलं की उरलेले वाद घालणार नाहीत.

दीरांच्या म्हणण्यात राग आहे, आणि तो अगदीच अनाठायी नाही. धबधब्याच्या तोंडावर सेल्फी काढणाऱ्यांपायी एखाद्या मुलाने दोरावर लटकावं, हे बघून माझाही जीव जळतो. तरीही प्रत्येकाला बिल लावायला माझा विरोध आहे, आणि कारण तुमच्याच पत्रात आहे. बिलाच्या नुसत्या शंकेने अडीच तास गेले. खरं बिल असतं तर रात्र गेली असती. मग रेस्क्यूला जाणाऱ्यांचाही धोका वाढतो, कारण माणूस फोन करतो तो अगदीच हातघाईला आल्यावर.

फ्रान्समधल्या शामोनीची गोष्ट दीरांना सांगा. १९५६ च्या नाताळात माँ ब्लाँवर दोन तरुण गिर्यारोहक अडकले. खालच्या गावातून लोक दुर्बिणीने त्यांना बघत होते. जायचं कोणी, यावर दिवस गेले. शेवटी मदतीला गेलेलं हेलिकॉप्टरच बर्फात कोसळलं. त्यातल्या माणसांना वाचवण्यात शक्ती गेली आणि ती दोन पोरं वरच राहिली. देश हळहळला. त्यानंतर १९५८ मध्ये तिथे सरकारने पोलिसांचं खास डोंगरी पथक उभं केलं, आणि फ्रान्समध्ये डोंगरातली सुटका आजही मोफत आहे. गंमत अशी की आखीव स्की-मार्गावर पाय मोडला तर मात्र पैसे भरावे लागतात. स्वित्झर्लंडने तिसरी वाट काढली. रेगा ही त्यांची हवाई बचाव संस्था १९५२ पासून आहे. पस्तीस लाखांहून जास्त लोक वर्षाला थोडी वर्गणी भरतात, एकट्या माणसाला ती चाळीस फ्रँक पडते, आणि वर्गणीदारावर वेळ आली आणि विम्याने खर्च दिला नाही, तर संस्था सहसा बिल माफ करते. अमेरिकेतलं न्यू हॅम्पशायर राज्य निष्काळजी माणसाला बिल लावतं, पण तिथेही २०१५ पासून वर्षाला पंचवीस डॉलरचं कार्ड घेता येतं. मला स्वतःला रेगाची रीत पटते. पडलेल्याकडून वसूल करण्यापेक्षा, न पडलेल्या सगळ्यांनी आधी थोडं थोडं भरावं. आपल्याकडे दर शनिवार-रविवारी गडांवर जी गर्दी लोटते, तिच्यातल्या प्रत्येकाने मिसळीच्या एका प्लेटचे पैसे जवळच्या रेस्क्यू संस्थेला दिले, तर कुठल्याच मुलाला दोर चिमटीतून ओढत हिशेब करावा लागणार नाही.

यातच तुमच्या देण्याचं उत्तर आहे. पाकीट त्यांनी नाकारलं ते बरं केलं. त्या क्षणी, त्या हातात दिलेला पैसा त्यांना मजुरीसारखा वाटला असेल. तेच वीस हजार संस्थेच्या खात्यावर पाठवा, पावती घ्या. त्याआधी फोन करून काय हवंय ते विचारा. कधी दोर हवा असतो, कधी हेल्मेट, कधी नुसतं गाडीचं डिझेल. चौघांनी मिळून दर वर्षी ठरावीक रक्कम द्यायची, अपघात होवो न होवो. तुमच्या यजमानांकडे तर पैशाहून मोलाची एक गोष्ट आहे. ती नाळ नेमकी कुठे फसवते ते त्यांना ठाऊक आहे. कुठल्या वळणावर वाट सुटली, ते त्यांनी संकोच न करता टीमला आणि आपल्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर सांगावं. ‘आम्ही चुकलो’ असं लिहायला जीवावर येतं, पण पुढचा गट त्याने वाचेल.

पुढच्या वेळी घाटवाटेने उतरताना मात्र वाडीतला वाटाड्या घ्यावा आणि त्याला घासाघीस न करता पैसे द्यावेत. तुम्ही पैसे मोजून रेस्क्यू घ्यावा का असं विचारलंत ना? सह्याद्रीत पैसे मोजावेत ते इथे. ज्याला धुक्यातही नाळ कुठली आणि वाट कुठली ते कळतं, त्याच्या एका दिवसाच्या मजुरीत पंधरा माणसांची रात्र वाचते. आणि घरातून निघताना कुठून उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तुम्ही ११२ ला कळवायचं, हे फ्रिजवर लावून जावं.

आता घोंगडी. टीम म्हणते आमची नाही, आणि ते बरोबर असणार. त्यांच्या सॅकमध्ये चंदेरी कागदासारखं घडीचं ब्लँकेट असतं, घोंगडी नसते. तुमच्या पत्रात अकरा मुलांबद्दल बरंच आहे आणि वाडीतल्या चौघांबद्दल एक ओळ. पण अंधारात टीमला नाळेच्या तोंडाशी नेलं असेल ते त्या चौघांनी, आणि जुलैच्या पावसात अंगावरची घोंगडी काढून दुसऱ्याला घातली ती त्यांच्यातल्याच कुणीतरी. त्याचा तो दुसऱ्या दिवसाचा रोजही बुडाला असेल, भाताच्या आवणीचे दिवस होते. त्याचं नाव टीमला माहीत असेल, विचारा. नाहीच कळलं तर वाडीत जाऊन विचारलंत की पहिल्या घरात सांगतील. दोघं मिळून जा, पाऊस लागायच्या आत, म्हणजे यंदा ती त्याच्या अंगावर असेल.